एक क्रॉस, तीन ड्यूक: सॅक्स-अर्नेस्टाइन ऑर्डर ओळखावी कशी

जुनी नाणी जमवणाऱ्याच्या हातात कधी ना कधी एखादं युरोपीय पदक येतंच. कधी कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघतं, कधी लिलावाच्या कॅटलॉगात दिसतं. पांढऱ्या मिनाकामाचा आठ टोकांचा क्रॉस, वर मुकुट, मधोमध कुणाचं तरी सोनेरी डोकं. विकणारा सांगतो, ‘जर्मन आहे, १८३३ चं.’ यातला पहिला अर्धा भाग बहुधा बरोबर असतो. दुसरा जवळजवळ नेहमीच चुकलेला असतो. का ते पुढे येईलच.

हा लेख एकाच ऑर्डरबद्दल आहे: सॅक्स-अर्नेस्टाइन घराण्याची ऑर्डर. ऑर्डर म्हणजे राजघराण्याने द्यायचा, दर्जांत वाटलेला सन्मान; क्रॉस ही त्याची खूण. जर्मन संस्थानिकांच्या शंभर ऑर्डरी वरवर चाळण्यापेक्षा एक नीट वाचायला शिकलो की बाकीच्या आपोआप कळू लागतात. आणि ही निवडण्याचं आणखी एक कारण आहे. ही एका राजाची नाही, तीन चुलत घराण्यांची सामाईक आहे. आपल्याकडे वाटण्या झाल्यावर शेत, घर, भांडी सगळं वेगळं होतं, पण कुलदैवत सामाईक राहतं. तसंच काहीसं इथे आहे.

आधी घराण्याचा गुंता सोडवा

भिंग हातात घेण्याआधी दहा मिनिटं वंशावळीला द्या. ती डोक्यात नसेल तर क्रॉसवरचं काहीच उलगडत नाही.

सॅक्सनीच्या वेटिन घराण्यात एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त हे दोघे भाऊ होते. १४८५ मध्ये त्यांनी मुलूख वाटून घेतला. थोरल्या एर्न्स्टची ती अर्नेस्टाइन शाखा, धाकट्या आल्ब्रेख्तची आल्बर्टाइन. सम्राट निवडण्याचा मान, म्हणजे इलेक्टरपद, थोरल्या पातीकडे होतं. १५४७ मध्ये म्युल्बर्गच्या लढाईत अर्नेस्टाइन इलेक्टर योहान फ्रीडरिश सम्राट पाचव्या चार्ल्सकडून हरला आणि ते पद धाकट्या पातीकडे गेलं. थोरल्यांच्या हाती उरला मुख्यतः थुरिंगियाचा डोंगराळ मुलूख. तिथे मग पिढ्यान्‌पिढ्या वाटण्याच वाटण्या. थोरल्यालाच सगळं मिळावं हा नियम त्यांच्याकडे उशिरा आला, त्यामुळे मुलं वाढली तशी राज्यं बारीक होत गेली.

या गर्दीत एक माणूस लक्षात ठेवायचा: गोथाचा ड्यूक एर्न्स्ट, १६०१ ते १६७५. लोक त्याला ‘धर्मशील एर्न्स्ट’ म्हणत. तीस वर्षांच्या युद्धाने उजाड झालेल्या मुलखात त्याने मुलामुलींना शाळा सक्तीची केली आणि गोथात फ्रीडनश्टाइन नावाचा अवाढव्य राजवाडा बांधला. एवढ्या शहाण्या माणसाने सगळं एकाच वारसाकडे जाईल अशी सोय मात्र केली नाही. त्याला सात मुलगे होते, आणि १६८० मध्ये सात वाटण्या झाल्या.

पुढे यातल्या काही शाखा निपुत्रिक होऊन संपल्या. १८२५ मध्ये गोथा-आल्टेनबुर्गचा शेवटचा ड्यूक वारला तेव्हा उरलेल्या भाऊबंदांत पुन्हा वाद पेटला. अखेर सॅक्सनीच्या राजाने, म्हणजे धाकट्या पातीच्या प्रमुखाने, मध्यस्थी केली. १८२६ मध्ये फेरवाटप झालं आणि तीन राज्यं उरली: सॅक्स-आल्टेनबुर्ग, सॅक्स-कोबुर्ग-गोथा आणि सॅक्स-मायनिंगेन.

सात वर्षांनी, २५ डिसेंबर १८३३ रोजी, नाताळच्या दिवशी, आल्टेनबुर्गचा फ्रीडरिश, कोबुर्ग-गोथाचा पहिला एर्न्स्ट आणि मायनिंगेनचा दुसरा बेर्नहार्ड या तिघांनी मिळून ही ऑर्डर स्थापन केली. गोथाच्या पहिल्या फ्रीडरिशने १६९० मध्ये ‘जर्मन सचोटीची ऑर्डर’ काढली होती, तिचं हे पुनरुज्जीवन मानलं गेलं. यातल्या आल्टेनबुर्गच्या फ्रीडरिशची एक ओळख आपल्याही लोकांना लागू पडेल. त्याची मुलगी तेरेझे हिचं १८१० मध्ये बव्हेरियाच्या युवराजाशी म्युनिकला लग्न झालं. त्या लग्नाच्या जल्लोषातूनच ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला. तिच्या नावाच्या मैदानावर आजही तो भरतो.

मग शेजारच्या वायमार या राज्याचं काय? तेही अर्नेस्टाइनच. पण ते धर्मशील एर्न्स्टच्या भावाच्या वंशातलं, आणि त्यांची श्वेत ससाण्याची ऑर्डर १७३२ पासून वेगळी होती. त्यामुळे नावात ‘अर्नेस्टाइन’ असूनही या ऑर्डरीत वायमार नाही. वायमारच्या एखाद्या माणसाच्या छातीवर हा क्रॉस दिसला तर तो त्याला शेजारच्या तिघांपैकी कुणीतरी दिलेला असतो.

पायरी पहिली: पुढची बाजू वाचा

टेबलावर मऊ कापड पसरा, क्रॉस कडांनी धरा. मिनाकाम म्हणजे धातूवर भाजलेली काचच असते. फरशीवर पडला तर टवका उडतोच, आणि तो पुन्हा जागेवर बसत नाही.

क्रॉस माल्टाच्या पद्धतीचा आहे. चारही भुजा मध्याकडे निमुळत्या आणि बाहेर दुभंगलेल्या, म्हणून टोकं आठ. प्रत्येक टोकाला बारीक गोळी. भुजांवर पांढरी मिना, कडा धातूच्या. भुजांमधल्या चारही कोनांत सिंह बसलेले. मायसेन आणि थुरिंगिया या वेटिन घराण्याच्या दोन्ही जुन्या मुलखांच्या ढालींवर सिंहच आहे, त्यामुळे हा प्राणी इथे उगाच सजावटीला आलेला नाही.

आता मधली चकती. सोनेरी डोकं, त्याभोवती निळं कडं, कड्यात सोनेरी लॅटिन अक्षरं: ‘फिडेलिटर एट कॉन्स्टान्टर’, म्हणजे निष्ठेने आणि सातत्याने. कड्याबाहेर ओकच्या पानांची हिरवी माळ.

हे डोकं कुणाचं, इथे भलेभले चुकतात. ‘अर्नेस्टाइन’ म्हणजे शाखेचा मूळपुरुष इलेक्टर एर्न्स्ट, तर डोकंही त्याचंच असणार, असा हिशेब कॅटलॉगवालेसुद्धा करतात. प्रत्यक्षात ते त्याच्या पाच पिढ्या नंतरच्या धर्मशील एर्न्स्टचं आहे. कारण १४८५ चा एर्न्स्ट वायमारवाल्यांचाही पूर्वज होता. फक्त या तीन घराण्यांचा सामाईक पूर्वज गोथाचा एर्न्स्ट. कुणाचा चेहरा लावायचा हे ठरवतानाच कोण आत आणि कोण बाहेर ते ठरून गेलं.

पायरी दुसरी: उलटा करा

मागच्या बाजूला सॅक्सनीची ढाल: काळे आणि सोनेरी आडवे पट्टे, त्यावरून तिरपी गेलेली हिरवी पानांची कमान. ही ढाल एकदा ओळखीची झाली की युरोपात जागोजागी भेटते. आजच्या सॅक्सनी राज्याच्या मुद्रेवर ती आहे. कोबुर्गचा राजपुत्र आल्बर्ट हा व्हिक्टोरिया राणीचा नवरा, म्हणून त्याच्या मुलांच्या ब्रिटिश कुलचिन्हातही ती छोट्या ढालीच्या रूपात होती. १९१७ मध्ये ब्रिटिश राजघराण्याने जर्मन नावं आणि पदव्या टाकल्या, तेव्हा तीही गेली.

ढालीभोवतीच्या कड्यात तारीख: २५ डिसेंबर १८३३. हीच ती ‘१८३३ चं पदक’ म्हणवणारी तारीख. नाण्यांवर पाडल्याचं वर्ष असतं, म्हणून नाणीवाल्याला ही सवय नडते. ही स्थापनेची तारीख आहे. १८४० मध्ये घडवलेल्या क्रॉसवरही तीच आणि १९१७ मधल्याही. या तारखेवरून वय काढू नका, आणि ‘एवढं जुनं आहे’ म्हणून जास्त पैसेही मोजू नका.

इथेच एक जुळा भाऊ बाजूला काढायला हवा. धाकट्या पातीच्या सॅक्सनी राज्याने १८५० मध्ये आल्बर्ट ऑर्डर काढली. तिच्याही मधोमध एका पूर्वजाचं डोकं, तिच्याही पाठीवर हीच ढाल. घाईत पाहिलं तर फसायला होतं. फरक असा: तिथलं डोकं धाकट्या भावाचं, आल्ब्रेख्तचं, आणि कड्यात त्याचं लॅटिन नाव. क्रॉसचा आकार माल्टाचा नाही, खालची भुजा लांब. फीत हिरवी, कडा पांढऱ्या. अर्नेस्टाइनची फीत गडद लाल, कडांना हिरवा पट्टा. १४८५ मध्ये वेगळे झालेले दोन भाऊ आजही लिलावाच्या एकाच ट्रेमध्ये शेजारी पडलेले असतात.

पायरी तिसरी: दर्जा ओळखा

सर्वांत वर ग्रँड क्रॉस. मोठा क्रॉस रुंद फितीवर, खांद्यावरून तिरपा कमरेपर्यंत, आणि छातीवर वेगळा तारा. त्याखाली पहिल्या श्रेणीचा कमांडर: क्रॉस गळ्यात, शिवाय तारा. दुसऱ्या श्रेणीच्या कमांडरच्या गळ्यात नुसता क्रॉस. त्याखाली नाइट, छातीवर फितीने अडकवलेला लहान क्रॉस. सुरुवातीला नाइटची एकच श्रेणी होती, पुढे दोन झाल्या. दुसरीत सोन्याच्या जागी मुख्यतः चांदी आली. या सगळ्याखाली ऑर्डरला जोडलेली गुणवत्ता पदकं. ती शिपाई, कारकून, घरकामगार, छोटे अधिकारी यांच्यासाठी होती. तेव्हाची जर्मन दरबारी व्यवस्था माणसाला त्याच्या पायरीनुसारच मान देत असे. सरदाराच्या गळ्यात जो क्रॉस तो शाळामास्तरच्या गळ्यात यायचा नाही.

तारा क्रॉसपासून सुटा पडलेला असेल तर नुसत्या गळ्यातल्या क्रॉसवरून कमांडरची श्रेणी सांगता येत नाही. विकणारा ‘पहिली श्रेणी’ म्हणाला तर ‘तारा कुठाय?’ एवढंच विचारा.

तलवारी असल्या तर? मधल्या चकतीखालून आडव्या-तिरप्या जाणाऱ्या दोन तलवारी म्हणजे सन्मान लष्करी कामगिरीचा. पहिल्या महायुद्धात असे क्रॉस बरेच दिले गेले, आणि बाजारात तलवारवाल्यांना भाव जास्त. म्हणूनच साध्या क्रॉसला मागाहून तलवारी जोडणारे महाभागही आहेत. तलवार जिथे क्रॉसला टेकते ती जागा दहापट भिंगाखाली पाहा. डाग-जोडाचा ओघळ, आजूबाजूची काळवंडलेली मिना, तलवारीच्या आणि क्रॉसच्या सोनेरी रंगातला फरक, यातलं काहीही दिसलं तर हात आवरा.

पायरी चौथी: धातू, मिना, फीत

१८८८ पासून जर्मनीत सोन्याचांदीच्या कसाची एकच खूण लागू झाली: चांदीवर चंद्रकोर आणि मुकुट, सोन्यावर सूर्य आणि मुकुट, सोबत हजारात कस किती ते आकड्यात. मुकुटाजवळ, कडीवर किंवा भुजेच्या कडेला ती शोधा. सापडली तर वस्तू १८८८ नंतरची. नाही सापडली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ऑर्डरी कितीदा खुणेशिवायच घडत. महायुद्ध लांबलं तसं सोनं युद्धाकडे वळलं आणि सोन्याच्या जागी सोनेरी मुलामा दिलेली चांदी आली. म्हणजे मुलाम्याचा क्रॉस दिसला की लगेच नकली म्हणायचं नाही. उलट जुने खऱ्या सोन्याचे क्रॉस पुष्कळदा आतून पोकळ असतात. हातात इतके हलके लागतात की नवखा माणूस नाक मुरडतो.

मिना तपासताना टाचणी टोचणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. तिरप्या उजेडात धरा. खरी मिना काचेसारखी खोल चमकते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बारीक खड्डे असू शकतात, आणि तुटलेली कड काचेसारखी धारदार असते. रंग किंवा रेझिन भरलेलं असेल तर चमक वरवरची, कडा गोलसर. जांभळ्या-निळ्या अतिनील टॉर्चखाली दुरुस्त केलेला तुकडा बऱ्याचदा बाकीच्या मिनेपेक्षा वेगळा चमकतो. दुरुस्ती झाली म्हणजे वस्तू खोटी नव्हे, पण किंमत त्या मानाने ठरली पाहिजे.

तोच टॉर्च फितीवर मारा. कापड लखलखीत करणारी आधुनिक रसायनं १९१८ आधीच्या कापडात नसत. शिवणीचा धागा निळसर चमकला तर फीत नंतर बदललेली आहे. फिती बदलल्या जातातच, त्यात फसवणूक असतेच असं नाही.

ओतीव नकला भिंगाखाली लगेच लक्षात येतात. सिंहाची आयाळ गुळगुळीत, अक्षरांच्या कडा विरघळलेल्या, पाठीवर वाळूचे बारीक खड्डे. खऱ्या कामात चकती, कडं, माळ असे सुटे भाग जोडलेले असतात आणि त्यांच्या सांध्यात बारीक रेघ दिसते. एकच ओतीव गोळा हाती आला तर बाकीचं तपासायची गरज नाही.

आणखी एक सावधगिरी. मान मिळालेले लोक सराफाकडून रोजच्या वापरासाठी दुसरा क्रॉस करून घेत. त्याची घडण अधिकृत क्रॉसपेक्षा थोडी वेगळी असते. तो त्या काळातलाच आहे, नक्कल नाही.

पायरी पाचवी: पण दिला कुणी?

इथे क्रॉस गप्प बसतो. तिन्ही ड्यूक एकच नमुना देत. पुढे सामाईक पूर्वज, मागे सामाईक ढाल. आल्टेनबुर्ग, गोथा की मायनिंगेन, त्यावर काहीच नाही. ही कमतरता नव्हे, कल्पनाच तशी होती. सतत वाटण्या करणाऱ्या घराण्याने निदान हा क्रॉस तरी वाटला नाही.

गुणवत्ता पदकं मात्र बोलतात. त्यांवर राज्य करणाऱ्या ड्यूकचा चेहरा आणि नाव असतं. त्यासाठी ही यादी जवळ ठेवा. आल्टेनबुर्ग: फ्रीडरिश १८३४ पर्यंत, योसेफ १८४८ पर्यंत, गेओर्ग १८५३ पर्यंत, पहिला एर्न्स्ट १९०८ पर्यंत, दुसरा एर्न्स्ट १९१८ पर्यंत. कोबुर्ग-गोथा: पहिला एर्न्स्ट १८४४ पर्यंत, दुसरा एर्न्स्ट १८९३ पर्यंत, आल्फ्रेड १९०० पर्यंत, कार्ल एडुआर्ड १९१८ पर्यंत. मायनिंगेन: दुसरा बेर्नहार्ड १८६६ पर्यंत, दुसरा गेओर्ग १९१४ पर्यंत, तिसरा बेर्नहार्ड १९१८ पर्यंत.

एर्न्स्ट नावाची ही खिचडी पाहिलीत? दोन घराण्यांत मिळून दोन पहिले एर्न्स्ट आणि दोन दुसरे. १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं आल्टेनबुर्गला पहिला एर्न्स्ट आणि कोबुर्गला दुसरा एर्न्स्ट एकाच वेळी गादीवर होते. पदकावर नुसतं ‘एर्न्स्ट’ दिसलं की नावावर थांबू नका, चेहरा पाहा आणि कडेचा मजकूर पूर्ण वाचा.

यादीतला आल्फ्रेड आपल्याला परका नाही. हा व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो, नौदलातला. कोबुर्गच्या गादीवर बसण्याच्या बरीच वर्षं आधी तो मुंबईत आला होता. १८७० मध्ये त्याच्या हस्ते खलाशांच्या निवासाची पायाभरणी झाली आणि इमारतीला त्याचंच नाव लागलं. कुलाब्याच्या वाटेवर रीगलसमोर ती अजून उभी आहे. मधल्या काळात तिथे विधिमंडळ बसायचं, आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. निपुत्रिक काका वारल्यावर १८९३ मध्ये हाच आल्फ्रेड कोबुर्गचा ड्यूक झाला आणि या ऑर्डरच्या तीन धन्यांपैकी एक बनला.

मायनिंगेनचा दुसरा गेओर्ग हा सगळ्यांत मला आवडणारा. त्याचा बाप १८६६ च्या युद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने उभा राहिला आणि प्रशिया जिंकल्यावर त्याला गादी सोडावी लागली. मुलाने मग राजकारणापेक्षा रंगभूमीत जीव घातला. त्याची नाटक कंपनी युरोपभर फिरली आणि त्याच्या वाद्यवृंदाने १८८५ मध्ये जर्मन संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजवली. ब्राम्सला त्याने याच ऑर्डरचा कमांडर केलं होतं. एखाद्या संगीतकाराच्या किंवा नटाच्या वस्तूंत हा क्रॉस निघाला तर मी तरी पहिला पत्ता मायनिंगेनचा शोधीन.

खरा पुरावा कागदाचाच. सनदेवर ड्यूकची सही, शिक्का आणि गाव असतं: आल्टेनबुर्ग, कोबुर्ग, गोथा किंवा मायनिंगेन. सनद नसेल पण माणसाचं नाव माहीत असेल, तर त्या त्या राज्याच्या दरबारी आणि सरकारी वार्षिक सूच्या चाळा. कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणती ऑर्डर आहे ते त्यांत संक्षेपांत छापत. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिन्ही गाद्या एकापाठोपाठ गेल्या आणि राज्यांचा सन्मान म्हणून ही ऑर्डर संपली. १९२० मध्ये कोबुर्ग बव्हेरियात गेलं, बाकीचे मुलूख थुरिंगियात. त्यामुळे एकाच ड्यूकची कागदपत्रं आज दोन वेगळ्या राज्यांत शोधावी लागतात.

जपताना

चकाकी आणायला पितांबरी, चिंच, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. मुलामा एकदा गेला की गेला. कोरडा मऊ ब्रश पुरे. क्रॉस आणि फीत प्लॅस्टिकच्या घट्ट पाकिटात एकत्र कोंबू नका. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा फितीला बुरशी आणि चांदीला काळपट थर देते. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत राहा. दुरुस्तीला किंवा विकायला परदेशी पाठवण्याआधी एक लक्षात असू द्या: शंभर वर्षं ओलांडलेली ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा, मग पार्सल बांधा.

शेवटी डबीत एक कार्ड ठेवा. आकार, धातू, खुणा, टवके, कुठून घेतलं, कितीला घेतलं, हे शाईने लिहा. ‘कोणत्या ड्यूकने दिला’ ही ओळ मात्र पेन्सिलीने. बहुतेक क्रॉसच्या बाबतीत ती कोरीच राहते.